हेंडर फार्मची मधली भिंत

"ही भिंत सोडून," मिस विनिफ्रेड प्रॉसर म्हणाल्या, आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. हातात पिठानं माखलेलं लाटणं होतं. "बाकी घर तुमचं. वाटेल तिथं ठोका."

"पण बाकी घरात काही उरलेलंच नाही, मिस प्रॉसर. असलंच तर इथंच आहे."

"मग नाही असं लिहा."

त्यांचे भाऊ एडविन दारात उभे होते. बुटांना चिखल होता म्हणून आत येत नव्हते. "विन, अगं घर जाईल की!"

"जाऊ दे."

असं म्हणताना त्यांनी लाटणं छातीशी धरलं होतं, तान्हं मूल धरावं तसं.

वीट

आधी बाहेरून बघा.

समोरून हेंडर फार्म म्हणजे लाल विटांचा एक साधा चौकोन. मधोमध दार, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, वर तीन. छप्पर स्लेटचं. अशी घरं हेरफर्डशरमध्ये रस्त्याच्या प्रत्येक वळणावर दिसतात, आणि ती बघायला कुणी गाडी थांबवत नाही. मागं सफरचंदांची बाग, तिच्यापलीकडं वेल्सचे डोंगर. तो ऑक्टोबर होता, साल शहाऐंशी. बागेत झाडाखाली सफरचंदांचे ढीग लावले होते आणि सगळ्या अंगणाला आंबूस-गोड वास येत होता.

मी तेव्हा जिल्ह्याच्या कचेरीत जुन्या इमारतींच्या खात्यात होते. घर किती जुनं आहे, ते राखण्याजोगं आहे का, हे बघून सांगणं माझं काम. हेंडरची जमीन आणि घर दोन्ही एका इस्टेटीचं. प्रॉसर घराणं आजोबांपासून कुळ म्हणून राहत आलेलं. इस्टेटीला घर पाडून तिथं पत्र्याची मोठी शेड घालायची होती. म्हाताऱ्या भावंडांना गावात बंगला मिळणार होता. बंगला म्हणजे त्या देशात लहानसं बैठं घर, आपल्याकडचा बंगला नव्हे.

"व्हिक्टोरिया राणीच्या काळातली वीट आहे, मॅडम, शंभर वर्षांची," इस्टेटीचा मॅनेजर फोनवर म्हणाला होता. "तुमचा दिवस फुकट जाईल."

समिती सोमवारी बसणार होती. घर त्याहून बरंच जुनं आहे असं मी दाखवलं, तर कुणाला त्याला हात लावता आला नसता. नाही दाखवलं, तर वसंतात बुलडोझर.

गिलावा

आत या. डोकं सांभाळा, तुळई खाली आहे.

एडविन प्रॉसरनी मला सगळं घर फिरवून दाखवलं. त्यांचं इंग्रजी शाळेतलं नव्हतं, त्या मातीतलं होतं. ते आठवताना माझ्या कानात आमच्या इस्लामपूरकडची बोलीच वाजते. मग ते तसंच बोलू देत.

"ह्यो जिना माझ्या आज्यानं घातला. ती खिडकी चुलत्यानं फोडली, दारूच्या नशेत. मग बसवली तिथंच एक."

ते उजवा पाय जरा बाहेर फेकत चालायचे. लहानपणी गवताच्या गाडीवरून पडले होते तेव्हापासून. अंगणातल्या चिखलात त्यांची वाट लगेच ओळखू यायची: उजव्या टाचेची बाहेरची कड नेहमी खोल रुतलेली. माणसाच्या चालीनं उंबरे कुठं झिजतात, पायऱ्या कुठं झिजतात, हे बघायची माझी सवय. त्यांच्या पायऱ्याही उजवीकडंच जास्त झिजलेल्या होत्या.

माळ्यावर चढले. सरळ वासे, पाइनचे, शंभर वर्षांपूर्वीचे. छप्पर सगळं नव्यानं घातलेलं. खोल्यांच्या भिंतींवर गिलावा, त्यावर कागद, त्यावर आणखी कागद. मॅनेजर खरं बोलत होता असं वाटायला लागलं.

स्वयंपाकघरात मात्र एक कपाट होतं, बशा मांडायचं, छताला टेकणारं. ते भिंतीपासून वीतभर पुढं उभं होतं.

"हे असं का?"

"ते कपाट कधी भिंतीला टेकलंच न्हाई, पोरी. भिंतीला पोट हाय. खाली फुगलीय, वर आत गेलीय. आमचा बाप म्हनायचा, गवंडी वाकडा हुता."

मी हात लावून बघितला. गिलाव्याखाली काहीतरी होतं. जमिनीपासून निघून वर जाता जाता चुलीकडं झुकणारं. गवंडी वाकडा नसतो. वाकडा असतो तो ओकचा बुंधा.

मी हातोडी काढली, आणि मिस विनिफ्रेड मध्ये आल्या.

पीठ

चहा झाला. भांडण झालं तरी त्या घरात चहा चुकत नसे.

टेबलावर सफरचंदाच्या 'पाय'ची, म्हणजे आत फळं भरून भट्टीत भाजायची, पोळी लाटून झाल्यावरचं पीठ पसरलेलं होतं. मी त्यात बोटानं एक लांबट चौकोन काढला.

"मला काय वाटतं ते सांगू? तुमचं हे विटांचं घर म्हणजे वरून घातलेला कोट आहे. आत दुसरं घर आहे. ते असं." चौकोनाच्या मध्ये मी एक ठिपका दिला. "एकच मोठी खोली. माळा नाही, धुराडं नाही. जमिनीवर मधोमध आगटी. धूर आपला वर जाणार आणि छपरातून वाट मिळेल तिकडून बाहेर."

"म्हंजी खोकून मरत असतील की!"

"आमच्या आजीची चूल तशीच होती. मरत नाही कुणी. डोळे तेवढे चुरचुरतात."

एडविन हसले. मिस विनिफ्रेड पिठाकडं बघत होत्या. अगदी जवळून, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते आणि ऑपरेशनला त्या जायला तयार नव्हत्या.

"आणि घर उभं कशावर? ओकचं एक झाड घ्यायचं, मुद्दाम निवडून, वाकडं वाढलेलं. ते उभं मधोमध चिरायचं. झाले दोन भाग, एकमेकांच्या आरशासारखे. एक या बाजूला रोवायचा, एक त्या बाजूला, आणि वर शेंडे जोडायचे. नंतर कुणीतरी धुराडं बांधलं, वर माळा टाकला, मग वीट लावली. पण त्यातला एक भाग तुमच्या या भिंतीत अजून आहे, असं मला वाटतं. तो दिसला आणि त्यावर आगटीच्या धुराची काजळी असली, तर घर पाचशे वर्षांचं ठरतं."

"पाश्शे!" एडविन म्हणाले. "विन, ऐकलंस का?"

"ऐकलं." त्यांनी ओल्या फडक्यानं माझं घर पुसून टाकलं. "एडविन, कोंबड्यांना दाणा."

"सकाळीच टाकला की."

"परत टाक."

चप्पल

ते गेल्यावर मी माझ्या वडिलांबद्दल बोलायला लागले. परदेशात बोलायला काही नसलं की माणूस तिकडंच वळतो.

माझे वडील, रंगराव चव्हाण, इस्लामपूरला बांधकामावर मुकादम. कुठल्याही घराच्या भिंती डोक्याइतक्या चढल्या, की पुढच्या बांबूला एक जुनी चप्पल टांगायचे. शेजारी काळी बाहुली. नजर लागू नये म्हणून. चप्पल नवीन चालत नसे. पायात घालून झिजलेलीच हवी, तळव्याचा आकार बसलेली. आमच्या घरात एक पाय शिल्लक असलेल्या चपलांचा ढीग होता आणि आई त्यावरून कायम ओरडायची.

मिस विनिफ्रेड खुर्चीत बसल्या. पहिल्यांदाच.

"कुणाची चप्पल?"

"कुणाची म्हणजे?"

"ज्याचं रक्षण व्हायला हवं त्याचीच लागते, की कुणाचीही?"

"कधी विचारलं नाही मी. बाबा हाताला लागेल ती टांगायचे."

"आणि चुकीच्या माणसाची टांगली तर?"

बाहेर कोंबड्या दाण्यावर भांडत होत्या. मिस विनिफ्रेड माझ्याकडं बघत होत्या, पण त्या डोळ्यांना माझ्या जागी फक्त उजेडातला एक डाग दिसत असणार.

"आमच्याकडं बूट ठेवतात," त्या म्हणाल्या. "धुराड्याजवळ, भिंतीत. ज्याचा बूट असेल त्याला घर परत ओढून आणतं. बायकांचं काम आहे ते. पुरुषांना सांगायचं नसतं."

चुलीच्या वर, फळीवर, लष्करी गणवेशातल्या एका तरुणाचा फोटो होता. त्यांचा थोरला भाऊ, टॉम. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात फ्रान्सला गेला. कुठं पडला ते कधी कळलं नाही. कबरही नाही.

"तो जायच्या आठवड्यात गवंडी ही लोखंडी चूल बसवत होता. शेजारी भोक उघडं होतं. आई म्हणाली, विनी, टॉमचा बूट आण, शेतात घालायचा. पटकन. मी चौदा वर्षांची. जिन्याखाली सगळ्यांचे बूट पडलेले असायचे. टॉमचा आणि एडविनचा एकाच चांभारानं शिवलेला, एकाच मापाचा. अंधार होता. मी एक उचलला. आईनं तो आत ठेवला, वर काहीतरी पुटपुटली, आणि जेवून आल्यावर गवंड्यानं भिंत बंद केली."

त्यांनी हातावरचं पीठ झटकलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी एडविन जिन्याखाली आपला बूट शोधत होता."

मी भिंतीकडं बघितलं.

"बाबांनी त्याला बूट हरवला म्हणून पट्ट्यानं मारलं. मी तिथंच उभी होते. टॉम स्टेशनवर गेलेला. भिंत ओली होती अजून. मी आईला सांगितलं असतं तर... आणि मग टॉम गेल्याची तार आली. आईच्या तोंडून एकच वाक्य: असं कसं झालं, मी तर त्याचा बूट ठेवला होता." त्या उठल्या आणि पुन्हा भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. "घर गेलं तर गेलं, मिस चवान. पाडतील तेव्हा सगळंच एकदम ढिगाऱ्यात जाईल. कुणी बूट उचलून बघणार नाही. पण एडविननं तो हातात घेऊन बघता कामा नये, की मी टॉमच्या जागी त्याला ठेवलं."

बंगला

एडविन आले. या वेळी चिखलाच्या बुटांनीच आत आले, आणि बहीण त्यांच्यावर ओरडली नाही.

"विन, मी काल गेलतो बघायला. बंगला."

"मला सांगितलं नाहीस."

"तुला सांगून काय? चांगला हाय. भिंतीत बटन दाबलं की शेगडी लाल हुती. जिना न्हाई. खिडकीतनं समोरच्या बंगल्याची खिडकी दिसती. आत एक म्हातारा बसलाय. तो माझ्याकडं बघतोय, मी त्येच्याकडं. मी हात केला, त्येनं हात केला. संपलं. आता रोज एकमेकाला हात करायचा, कुनीतरी मरंपत्तुर."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"मी हितनं कधी कुठं गेलो न्हाई, विन," ते म्हणाले. "एकदा गेलो, लिव्हरपूलपत्तुर. तुला ठावं हाय. कॅनडाचं तिकीट खिशात. बोट समोर. अन् रात्रीच्या गाडीनं परत आलो. का आलो, देवाला ठावं. पाय उचलंना. आता ह्या वयात कुठं जाऊ?"

मिस विनिफ्रेडचा चेहरा मी तेव्हा बघायला नको होता. ते वाक्य त्या घरात बहुधा पुष्कळदा बोललं गेलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते फक्त तिलाच लागलं होतं.

ती भिंतीपासून बाजूला झाली. एवढंच. टेबलापाशी गेली आणि सफरचंदं सोलायला घेतली.

जाताना माझ्या कोपराला तिचा हात लागला. "आधी तुम्ही," ती हळूच म्हणाली. मी मान हलवली, आणि मग तिला दिसणार नाही हे आठवून "हो" म्हणाले.

लाकूड

माझा बेत सोपा होता. गिलावा मी काढायचा, भोक लागलं की एडविनना शिडी आणायला पाठवायचं, बूट काढून पिशवीत टाकायचा.

गिलावा सुटला. आत घोड्याचे केस मिसळलेला चुना, त्याच्यामागं सालपट्ट्यांचं विणकाम, आणि त्याच्यामागं...

त्यासाठी मला अजून शब्द नाही. मी खूप घरं उघडली आहेत, पण तसं लाकूड पुन्हा पाहिलं नाही. माझ्या कमरेपेक्षा रुंद. तासणीचे घाव ताजे वाटावेत असे, कारण ते मारल्यापासून त्यांना फारसा उजेडच लागला नव्हता. जमिनीतून निघून ते चुलीकडं झुकत वर जात होतं, आणि कुणीतरी छप्पर उंच करताना त्याचा शेंडा कापला होता.

मी बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"काजळी," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले. मग इंग्रजीत.

एडविननी पण बोट लावलं. नाकाशी नेलं. "अजून वास येतोय की गं!"

येत नव्हता. पण मलाही आला.

घर वाचलं होतं. ते आम्हां तिघांनाही त्या क्षणी कळलं, आणि टेबलाशी सफरचंद सोलणारा चाकू थांबला. कारण लाकडाच्या पलीकडं, धुराड्याला लागून, एक अंधारी पोकळी दिसत होती.

"मिस्टर प्रॉसर, जरा शिडी आणता का? गोठ्यातली."

"शिडी कशाला? हात पोचतोय की."

आणि त्यांनी हात घातला.

संवाद, भिंतीपाशी

"काय तरी हाय."

"मी काढते, थांबा—"

"थांब पोरी. घावलं."

"काय आहे, एडविन?"

"बूट हाय."

चाकू टेबलावर ठेवल्याचा आवाज.

"कुणाचा?"

त्यांनी बाहीनं धूळ पुसली. उलटा केला. उजव्या पायाचा. तळव्याला खिळ्यांच्या ओळी, आणि टाच बाहेरच्या कडेनं तिरकी झिजलेली, कुणीतरी मुद्दाम कापल्यासारखी. मी बघितलं. त्यांनी बघितलं. मग ते बुटाकडं बघायचे थांबले आणि बहिणीकडं बघायला लागले. ती आमच्याकडं तोंड करून बसली होती, दोन्ही हात टेबलावर, मार खायला पुढं केल्यासारखे.

"कुणाचा, एडविन?"

"टॉमचा. आनी कुणाचा?"

"नीट बघ."

"बघितला. टॉमचाच. आईनं ठेवला असंल."

"तुझा हरवला होता. त्याच आठवड्यात. बाबांनी तुला—"

"चोपला. व्हय. अन् म्हैन्यानं घावला मला."

"घावला?"

"कुत्र्यानं नेलता. नाल्याच्या कडंला पुरून ठेवलता, पार चावून चोथा. आता बापाला काय सांगू, घावला म्हनून? नवा जोड मिळालता मला. गप बसलो. नाल्यात दिला टाकून."

"कुत्र्यानं?"

"कुत्र्यानं."

मग तिनं जे विचारलं त्याची मी तयारी केली नव्हती. त्यांनीही केली नसणार.

"मग टॉम का नाही आला?"

एडविन तिच्यासमोर बसले. बूट मांडीवर.

"लढाई हुती, विन. बूट काय करनार? पलीकडच्या वस्तीतली पाच पोरं गेली. त्येंच्या आयांनी काय भिंतीत ठेवलं नसंल?"

"आई म्हणायची—"

"आई म्हनायची, व्हय. आई बिचारी लई काय काय म्हनायची."

तिनं हात पुढं केला. त्यांनी जरा वेळ लावला, पण दिला. तिनं बूट चेहऱ्याजवळ नेला नाही. अंगठा चवड्यावरून फिरवला, खिळ्यांवरून, मग टाचेवर आणला. तिथं तो थांबला. कडेनं एकदा खाली गेला, एकदा वर आला.

"टॉमचाच," ती म्हणाली.

काजळी

अंगणात एडविननी मला सायडरचा, सफरचंदाच्या दारूचा, पेला दिला. नको म्हटलं तरी दिला.

"टाच बघितलीस न्हवं?"

"हो."

"तुझं डोळं लई चालत्यात."

"तुम्ही कसे चालता तेही बघितलंय."

"तेच म्हन्तो." ते बागेकडं तोंड करून उभे राहिले. "चॅपलचा मास्तर तिला दोनदा लग्नाचं विचारून गेला. चांगला मानूस. दोन्ही डाव न्हाई म्हनाली. मला वाटायचं, माझ्या जेवनाचं कोन बघंल म्हनून. मी आपला उपकार मानत बसलो आयुष्यभर. अन् ती बसलीवती भिंत राखत."

"तुम्हाला राग नाही आला?"

"कशाचा?"

"तुमचा बूट ठेवला, म्हणून. तुम्ही कुठं गेला नाहीत."

त्यांनी विचार केला. मग हसायला लागले, आधी नाकातून, मग खांदे हलवत, सायडर सांडेपर्यंत. "म्हंजी त्येच्यापायी व्हय! लिव्हरपूलला! अन् मी आपला समजत हुतो, मी भित्रा हाय म्हनून!"

डोळे पुसले त्यांनी. मग शाळेतल्या पोरानं विचारावं तसं विचारलं, "कुत्र्याचं बरं जमलं का गं?"

"फार छान."

"एकदम सुचलं."

आता

घर अजून आहे.

सोमवारी समितीला मी काजळीचे फोटो दाखवले. मॅनेजरनं फोटो दोनदा मागून घेतला, मग चष्मा काढून ठेवला. बुटाचं रेखाटनही जोडलं होतं. ते मी समोरून काढलं होतं, चवडा आणि वाद्या दिसतील असं.

एडविन त्यानंतर सात-आठ वर्षांनी गेले, त्याच जिन्याच्या वरच्या खोलीत. त्यांच्यामागं ती दोन वर्षांनी. डोळ्यांचं ऑपरेशन मात्र तिनं करून घेतलं. आता लंडनचं कुणी जोडपं तिथं राहतं. मी आता कोल्हापूरला असते, तिथं मला फोटो पाठवतात. मधल्या भिंतीत आम्ही लाकूड तपासायला एक लहानसं दार ठेवलं होतं. त्याला त्यांनी काच लावलीय आणि आत दिवा. ओकचा तो काळा बुंधा दिसतो, आणि त्याच्या पायाशी बूट. पाहुण्यांना ते सांगतात, थोरल्या मुलाचा, लढाईत गेला त्याचा. माझ्या टिपणातही कुणाचा ते लिहिलेलं नाही. ही गोष्ट घरातल्या दोघांनी पुढं सांगितली, आणि ती तशीच चालू आहे.

वडील गेले तेव्हा माळ्यावरचा तो एकेकट्या चपलांचा ढीग भावानं टाकून द्यायला काढला. मी त्यातली एक ठेवून घेतली. कुणाची ते माहीत नाही.

फाटक

भिंत उघडली त्या दिवशी मी निघताना मिस विनिफ्रेड फाटकापर्यंत आली. एक हात कुंपणावर धरून, दगड मोजत आल्यासारखी. दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला सफरचंदाचा 'पाय' होता, गरम. माझ्या हातात दिला. मागं धुराड्यातून धूर निघत होता आणि एडविन भिंतीचा चुना झाडत शीळ घालत होते. त्यांना शीळ घालता येते हे मला तोवर माहीत नव्हतं. तिला माहीत असावं. ती ऐकत उभी राहिली.

"किती वर्षांनी," ती म्हणाली.

मग माझा हात चाचपून धरला. अंगठ्याला अजून त्या बुटाची धूळ होती.

"एक सांगते तुला. एडविनपाशी बोलू नकोस, त्याला वाटतंय थाप छान जमली."

"काय?"

"त्या साली आमच्याकडं कुत्रा नव्हता."